अर्ध्या वेतनावरहि राहतां आलें नाहीं

इ. स. २०२१ च्या ऑगस्टची ८ वी तारीख. रविवारचा दिवस होता. दुपारच्या चहाची वेळ झाली तरी घरांतील मुलें दूरदर्शनच्या पडद्यासमोरून हालेनात. सूनबाई चहा घेऊन आल्या व हलक्या आवाजांत म्हणाल्या, "मामंजी, आज त्यांना कांहीं बोलूं नका. त्यांचा तो मेस्सी रडतो आहे." मीं चष्मा सांवरून पाहिलें. चौतिशीचा एक गृहस्थ डोळे टिपीत उभा होता. शब्द फुटत नव्हता. आणि समोर बसलेले त्याचे सोबती उभे राहून टाळ्या वाजवीत होते. माझा दहा वर्षांचा नातू तर उघड उघड हुंदके देत होता.

मीं त्यास जवळ घेतलें, तेव्हां त्यानें विचारलें, "आजोबा, तो अर्ध्या पगारावर राहतों म्हणाला. क्लबहि त्याला ठेवतों म्हणाला. मग त्याला घालवलें कोणी?"

माझे धाकटे बंधू शेजारींच बसले होते. त्यांचें सारें आयुष्य बँकेच्या खतावण्यांत गेलें. ते म्हणाले, "दादा, ह्याचें उत्तर खेळाच्या पानावर मिळावयाचें नाहीं. तें जमाखर्चाच्या वहींत शोधावें लागेल."

त्या दिवशीं मला उत्तर देतां आलें नाहीं. ज्या शिक्षकानें उभा जन्म मुलांना "शंका विचारा" म्हणून सांगण्यांत घालविला, त्यानेंच नातवाच्या शंकेपुढें मूग गिळून बसावें, हें मनास लागलें. पुढें जमेल तसें वाचलें, बंधूंकडून आकडे समजून घेतले, आणि जें कळलें तें आज वाचकांपुढें ठेवीत आहें. फुटबॉलचा ज्यांना गंध नाहीं त्यांनींहि, विशेषतः घरचा खर्च ज्यांच्या हातीं आहे त्या भगिनींनीं, हें पान उलटूं नये अशी विनंति आहे. खेळ परक्या देशाचा असला तरी प्रश्न आपल्या माजघरांतील आहे.

बार्सिलोना हें स्पेन देशांतील कातालोनिया प्रांताचें मुख्य शहर. तेथील हा फुटबॉल क्लब २९ नोव्हेंबर १८९९ रोजीं स्थापन झाला. संस्थापक हान्स गांपेर हा मूळचा स्वित्झर्लंडचा. त्यानें वृत्तपत्रांत जाहिरात देऊन खेळाची आवड असलेले सोबती जमविले आणि त्यांतून हें मंडळ उभें राहिलें. युरोपांतील पुष्कळ मोठे क्लब आज एखाद्या धनाढ्याच्या किंवा कंपनीच्या मालकीचे आहेत. बार्सिलोनाचें तसें नाहीं. लाखाहून अधिक वर्गणीदार सभासद हेच त्याचे मालक. तेच मतें देऊन अध्यक्ष निवडतात. आपल्याकडील वाचनालयें व शिक्षणसंस्था जशा वर्गणीदारांच्या जिवावर उभ्या राहिल्या, त्याच जातीची ही संस्था आहे. "क्लबाहून अधिक कांहीं" असें तिचें ब्रीद आहे, व तेथील लोक तें मनापासून मानतात.

लिओनेल मेस्सी हा आर्जेंटिना देशांतील रोसारिओ शहरचा. जन्म २४ जून १९८७. लहानपणीं त्याच्या शरीराची वाढ खुंटली होती. त्यावर टोंचून घ्यावयाचें औषध महाग होतें व तो खर्च कुटुंबास झेपण्यासारखा नव्हता. इ. स. २००० मध्यें, तेरा वर्षांचा असतांना, तो बार्सिलोनास आला. इतक्या लहान व परदेशच्या मुलास घ्यावें कीं न घ्यावें ह्याचा घोळ क्लबांत बरेच दिवस चालला. अखेर १४ डिसेंबर २००० रोजीं क्लबाचे एक अधिकारी कार्लेस रेक्साच ह्यांनीं हातीं आलेल्या कागदी रुमालावरच त्यास घेण्याचें वचन लिहून खालीं सही केली. तोच रुमाल २०२४ सालीं लिलावांत ७ लाख ६२ हजार ४०० पौंडांस विकला गेला. क्लबानें औषधाचा भार उचलला. ऑक्टोबर २००४ मध्यें तो मुख्य संघाकडून पहिला अधिकृत सामना खेळला. आणि २०२१ पर्यंत ७७८ सामन्यांत त्यानें ६७२ गोल केले. त्याच्या कारकीर्दींत क्लबानें दहा वेळां स्पेनचें व चार वेळां युरोपचें विजेतेपद मिळविलें. पोटच्या मुलाप्रमाणें वाढविलेला, आणि वाढून कुळाचें नांव उज्ज्वल करणारा, असा हा खेळाडू होता.

आतां ह्या धंद्याची रीत थोडी समजून घेतली पाहिजे. खेळाडू ठराविक वर्षांच्या कराराने क्लबाशीं बांधलेला असतो. करार चालू असतांना दुसऱ्या क्लबास तो हवा असेल, तर पहिल्या क्लबास मोबदला द्यावा लागतो. इंग्लंडांत १९०५ सालीं आल्फ कॉमन नांवाच्या खेळाडूसाठीं प्रथमच १,००० पौंड मोजले गेले, तेव्हां लोकांनीं कपाळावर हात मारला होता. त्याच देशांत कोणाहि खेळाडूस ठराविक मर्यादेबाहेर वेतन देण्यास बंदी होती. १९६१ च्या जानेवारींत ती उठली त्या वेळीं ही मर्यादा आठवड्यास अवघी २० पौंड होती. बंदी उठतांच जॉनी हेन्स ह्या खेळाडूस आठवड्यास १०० पौंड मिळूं लागले. पुढें १५ डिसेंबर १९९५ रोजीं युरोपच्या न्यायालयानें बोसमन नामक बेल्जियन खेळाडूच्या खटल्यांत निर्णय दिला, कीं करार संपल्यावर खेळाडू मोकळा. त्याच्या जाण्याबद्दल जुन्या क्लबास छदामहि मागतां येणार नाहीं. हा निकाल न्यायाचाच होता, कारण माणूस हा कांहीं गोठ्यांतील गुरूं नव्हे. पण त्यामुळें क्लबांपुढें नवें कोडें उभें राहिलें. उत्तम खेळाडूचा करार संपूं द्यावा तर तो फुकट जातो. संपूं नये म्हणून वाढवावा तर वेतन चढतें. आणि विकावा तर सभासद चवताळतात.

दुसरी एक गोष्ट हिशेबाची. विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत वहींत एकदम खर्ची पडत नाहीं. ती कराराच्या वर्षांत वांटली जाते. १२ कोटी युरोंस खेळाडू घेतला व करार पांच वर्षांचा केला, तर दर वर्षीं २ कोटी ४० लाखांचा बोजा खर्चाच्या बाजूस बसतो, आणि त्याचें वेतन निराळें. ही रीत शास्त्रशुद्ध आहे. परंतु हींत एक मोह दडलेला आहे. आजची खरेदी आज हलकी वाटते, आणि पुढील चार वर्षांच्या कर्त्या पुरुषाच्या डोक्यावर तिचें ओझें आपोआप चढतें.

आतां मूळ कथेकडे वळूं. २०१७ च्या ऑगस्टांत बार्सिलोनाचा दुसरा नामांकित खेळाडू नेमार ह्यास पॅरिसच्या क्लबानें उचलला. करारांत मुक्ततेची रक्कम लिहिलेली होती: २२ कोटी २० लाख युरो. ती इतकी मोठी होती कीं कोणी भरील असें कोणास वाटलें नव्हतें. पॅरिसच्या क्लबामागें कतारचें द्रव्य असल्यामुळें त्यानें ती भरली. खेळाडू गेला, पण पेटी भरली.

येथेंच पहिली चूक झाली. पेटी भरली आहे हें साऱ्या बाजारास ठाऊक होतें. घरांत लग्न निघालें आहे व हातीं पैसा आला आहे असें कळल्यावर सराफ जसा भाव सांगतो, तसेच भाव बार्सिलोनास सांगितले गेले. त्याच महिन्यांत डेम्बेले नांवाच्या वीस वर्षांच्या फ्रेंच तरुणास १० कोटी ५० लाख युरो व वर कांहीं अटींच्या रकमा देऊन घेतलें. १८ च्या जानेवारींत लिव्हरपूलच्या कुटिन्योस १२ कोटी व वर अटींच्या ४ कोटींपर्यंतच्या रकमा ठरल्या. २०१९ च्या जुलैंत ग्रीझमनसाठीं आणखी १२ कोटी. तिघेहि गुणी होते ह्यांत संशय नाहीं. परंतु एकास वरचेवर दुखापती झाल्या, दुसऱ्यास संघांत जागाच सांपडेना, आणि तिसऱ्याची आवडीची जागा मेस्सीचीच होती. कुटिन्योस शेवटीं जर्मनीच्या बायर्न क्लबाकडे उसना दिला. १४ ऑगस्ट २०२० रोजीं लिस्बन येथें त्याच बायर्ननें बार्सिलोनाचा आठ विरुद्ध दोन असा पराभव केला, आणि त्या आठांपैकीं दोन गोल कुटिन्योचे होते! स्वतःच्या पैशानें घेतलेल्या माणसानें स्वतःच्याच घरावर धोंडे टाकावे, ह्याहून निराळें दैवदुर्विलसित तें कोणतें?

दुसरी चूक वेतनाची. नेमार गेल्यावर "आतां मेस्सीहि गेला तर?" ही धास्ती क्लबास पडली. नोव्हेंबर २०१७ मध्यें त्याच्याशीं नवा करार झाला. पुढें जानेवारी २०२१ मध्यें एका स्पॅनिश वृत्तपत्रानें तो करार छापला. त्याप्रमाणें सर्व अटी पुऱ्या झाल्यास चार वर्षांत ५५ कोटी ५२ लाख ३७ हजार ६१९ युरोपर्यंत रक्कम होत होती. आकडा पाहून घेरी येते हें खरें. पण बंधूंनीं मला एक मार्मिक गोष्ट दाखविली. ते म्हणाले, "दादा, एका माणसाच्या पगारानें एवढी पेढी बुडत नसते. वरच्या माणसाचा पगार चढला कीं त्याच्या खालचा 'मला त्याच्या निम्मा तरी द्या' म्हणतो, त्याच्या खालचा त्याच्या निम्मा मागतो. ही शिडी जी चढते ती मारते." झालेंहि तसेंच. जे मध्यम प्रतीचे किंवा उतारवयाचे खेळाडू होते त्यांचींहि वेतनें लांब मुदतीच्या करारांनीं बांधलीं गेलीं. मेस्सी निदान त्याच्या वेतनाइतकीं प्रेक्षकांचीं मनें व जाहिरातदारांचे पैसे ओढून आणीत होता; इतरांविषयीं तें म्हणतां येत नव्हतें.

तरीहि गाडा चालला होता, कारण उत्पन्न प्रचंड होतें. २०१८–१९ ह्या वर्षीं तें सुमारें ९९ कोटी युरोंवर गेलें होतें. तथापि आलेला प्रत्येक युरो आधींच कोणाच्या तरी नांवें लिहिलेला असे. आणि मग मार्च २०२० मध्यें महामारी आली. मैदानें ओस पडलीं, तिकिटें बंद, क्लबाचें पदार्थसंग्रहालय बंद, दुकानें बंद. त्या संकटकाळापुरतें खेळाडूंनीं ७० टक्के वेतन सोडलें, हें त्यांच्याविषयीं आदरानें नमूद केलें पाहिजे. पण २०२०–२१ अखेर वर्षाचा तोटा ४८ कोटी १० लाख युरो निघाला, आणि एकंदर देणें १३५ कोटी युरोंचें असल्याचें नव्या अध्यक्षांनीं जाहीर केलें.

ह्याच सुमारास स्पेनच्या फुटबॉल संघटनेचा एक नियम आड आला. पूर्वी तेथील अनेक क्लब सरकारचा करसुद्धां थकवीत. म्हणून २०१३ पासून संघटनेनें प्रत्येक क्लबास वर्षाची खर्चमर्यादा आंखून देण्यास आरंभ केला. अपेक्षित उत्पन्नांतून इतर खर्च व कर्जाचे हप्ते वजा करावे. जें उरेल तेवढेंच खेळाडूंवर खर्चावें. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही आपल्या आज्यांची म्हण तेथें कायदा झाली. बार्सिलोनाची ही मर्यादा २०१९–२० मध्यें सुमारें ६७ कोटी युरो होती; पुढच्या वर्षीं ३८ कोटी २७ लाखांवर आली; आणि २०२१–२२ च्या आरंभीं ती ९ कोटी ७९ लाखांवर येऊन ठेपली. ज्याची मर्यादा ओलांडली गेली आहे अशा क्लबास त्या वेळीं आणखी एक अट होती. चार युरो वांचवाल तेव्हां त्यांतील एकच नव्या खेळाडूवर खर्चतां येईल.

आठ गोलांच्या त्या पराभवानंतर ऑगस्ट २०२० मध्यें मेस्सीनें स्वतःच "मला जाऊं द्या" असें क्लबास लेखी कळविलें होतें. क्लबानें ७० कोटी युरोंच्या मुक्ततामूल्याकडे बोट दाखविलें. ज्या क्लबानें आपणास वाढविलें त्यास न्यायालयांत खेंचणार नाहीं, असें सांगून तो राहिला. अध्यक्ष बार्तोमेउ ह्यांच्याविरुद्ध वीस हजारांहून अधिक सभासदांच्या सह्या पडल्या व त्याच ऑक्टोबरांत त्यांच्या मंडळास जावें लागलें. मार्च २०२१ मध्यें लापोर्ता निवडून आले. मेस्सीचा करार ३० जून २०२१ रोजीं संपावयाचा होता. तो संपला. नवा करार बोलण्यांत ठरला. वेतन निम्मे करण्यास खेळाडू राजी झाला. आणि ५ ऑगस्ट रोजीं क्लबानें जाहीर केलें कीं दोघांची इच्छा असूनहि संघटनेच्या नियमांमुळें करार होऊं शकत नाहीं.

म्हणजे नातवाच्या प्रश्नाचें उत्तर असें. करार एकदां संपल्यावर मेस्सी हिशेबापुरता नवा माणूस ठरला. त्याचें नांव नव्यानें नोंदवावें लागणार होतें. अध्यक्षांनींच आकडे सांगितले. मेस्सी धरून खेळाडूंचीं वेतनें क्लबाच्या उत्पन्नाच्या ११० टक्के होत होतीं, आणि त्याला वगळूनहि तीं ९५ टक्के होतीं! शंभर रुपये मिळविणाऱ्या घरांत पंचाण्णव रुपये एकाच बाबीवर जात असतील, तर नव्या पाहुण्यास पानावर बसवावयाचें कोठें? त्यानें निम्मे जेवण मागितलें तरी पाटावर जागाच नव्हती. १० ऑगस्टला तो पॅरिसला गेला, आणि बोसमनच्या निकालाप्रमाणें बार्सिलोनास बदल्यांत एक युरोहि मिळाला नाहीं. तेलहि गेलें, तूपहि गेलें, हातीं धुपाटणें आलें.

आतां दोष कोणाचा? कोणी म्हणतात, मेस्सीनें लोभ सोडून फुकट खेळावयास हवें होतें. हें म्हणणें मला पटत नाहीं. आपल्या श्रमाचें मोल आपणहून सोडणें हें औदार्य आहे. पण दुसऱ्यानें तें गृहीत धरणें ही दांडगाई आहे. शिवाय त्या मोठ्या करारावर सही एकट्या खेळाडूची नव्हती. कोणी म्हणतात, नियम निर्दय. नियम कठोर होता हें मान्य. पण वैद्यानें ताप मोजला म्हणून तापमापकावर रागावून काय होणार? मला स्वतःला दोष दिसतो तो कारभाऱ्यांचा, आणि त्यांच्या मागें उभ्या असलेल्या आणखी एका वर्गाचा. तो वर्ग म्हणजे सभासद. नवा खेळाडू विमानतळावर उतरला कीं हार घेऊन धांवणारे तेच. एक सामना हरला कीं "आणखी विकत घ्या" म्हणून ओरडणारेहि तेच. जमाखर्च वाचून प्रश्न विचारणारे विरळा. जी संस्था सर्वांची असते तिचा हिशेब विचारणें हें कोणाचेंच काम नसतें, ही तिची मोठी व्याधि होय.

हें मी कोणत्या तोंडानें लिहितों, तें सांगणें प्राप्त आहे. सुमारें तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. ज्या शाळेंत मी होतों तिच्या कांहीं तुकड्या विनाअनुदान होत्या. त्यांच्या शिक्षकांचें वेतन संस्था स्वतः देई. त्यांत गणिताचे एक तरुण शिक्षक होते. त्यांच्या तासाला शेजारच्या वर्गांतील मुलें खिडकीशीं येऊन उभीं राहत. अवघड उदाहरण फळ्यावर सुटलें कीं वर्गांतून आनंदाचा जो उद्गार निघे, तो मीं संस्कृताच्या तासाला कधीं ऐकला नाहीं, आणि मला त्यांचा हेवाहि वाटे. त्याच काळांत संस्थेनें कर्ज काढून मोठें सभागृह बांधण्याचें ठरविलें. शाळासमितींत शिक्षकांचा प्रतिनिधि मी. ठराव वाचला गेला. हप्ता किती, तो कोठून भरणार, हें कोणीं विचारलें नाहीं. मींहि विचारलें नाहीं. सभागृहाच्या चित्राकडे पाहून मीं हात वर केला.

सभागृह झालें. हप्ते सुरू झाले. विनाअनुदान तुकड्यांचीं वेतनें एक महिना, दोन महिने, पुढें पांच महिने रेंगाळूं लागलीं. ते शिक्षक एके संध्याकाळीं माझ्याकडे आले व म्हणाले, "गुरुजी, समितींत माझा एक निरोप सांगा. मला अर्धा पगार द्या, पण महिन्याच्या महिन्याला द्या. आईच्या औषधाचें तेवढ्यांत भागेल." मीं निरोप सांगितला. कोषाध्यक्षांनीं वही पुढें सरकविली. अर्ध्यालाहि जागा नव्हती. दिवाळीच्या सुटींत ते दुसऱ्या गांवीं निघून गेले. जातांना माझ्या पायां पडले, आणि मला त्यांच्या डोळ्यांस डोळा भिडवितां आला नाहीं. पुढें कित्येक वर्षें त्या सभागृहांत स्नेहसंमेलनें झालीं. टाळ्यांचा आवाज फार छान घुमे. नातवाच्या प्रश्नानें २०२१ सालीं मी निरुत्तर झालों, त्याचें खरें कारण हें होतें. "त्याला घालवलें कोणी?" ह्याचें एक उत्तर मला ठाऊक होतें, आणि त्यांत माझा वर केलेला हात होता.

असो. बार्सिलोनाची कथा मेस्सीच्या जाण्यानें संपली नाहीं, आणि तिचा उत्तरभाग सरळ बोधकथेसारखाहि नाहीं. प्रथम जुन्या खेळाडूंनीं वेतनें कमी केलीं. पिके ह्यानें ऑगस्ट २०२१ मध्यें मोठी कपात स्वीकारली, म्हणून नव्या खेळाडूंचीं नांवें नोंदवितां आलीं. ग्रीझमन परत माद्रिदला उसना गेला. कुटिन्यो २०२२ मध्यें सुमारें २ कोटींस, म्हणजे घेतल्या किंमतीच्या षष्ठांशास, गेला. त्याच वर्षीं एक वेळ अशी आली कीं क्लबाची खर्चमर्यादा शून्याच्याहि खालीं, उणे १४ कोटी ४० लाख युरो, झाली. त्यानंतर क्लबानें निराळाच मार्ग धरला. सामन्यांच्या दूरदर्शन-प्रक्षेपणाचें पुढील २५ वर्षांचें उत्पन्न चतुर्थांशानें विकून टाकलें. पहिल्या दहा टक्क्यांचेच २० कोटी ७५ लाख युरो आले. मैदानाच्या नांवांतहि एका कंपनीचें नांव जोडूं दिलें. त्या पैशांतून लेव्हान्डोव्स्कीसारखे खेळाडू आणले, आणि २०२३ मध्यें स्पेनचें विजेतेपद परत मिळविलें. २०२५ मध्यें पुन्हां मिळविलें.

माझा पुतण्या येथें मला अडवितो. तो म्हणतो, "काका, बघा. धाडस केलें म्हणून वर आले. नुसते पाय आंखडून बसले असते तर बुडाले असते." त्याच्या म्हणण्यांत तथ्य आहे. आजारी माणसास औषधासाठीं दागिना मोडावा लागतो, आणि तो मोडण्यांत लाज नाहीं. परंतु दागिना एकदांच मोडतां येतो, आणि पंचवीस वर्षांचें उत्पन्न विकणाऱ्याचा हिशेब तिसऱ्या वर्षीं करून चालत नाहीं. शिवाय जुनें दुखणें पुरतें हटलेलें नव्हतें. ऑगस्ट २०२४ मध्यें घेतलेल्या ओल्मो नामक खेळाडूची नोंद पुढील जानेवारींत त्याच खर्चमर्यादेपायीं अडली, व शासनाच्या क्रीडापरिषदेच्या तात्पुरत्या आदेशावर त्यास खेळावें लागलें.

ह्या साऱ्यांत मला सर्वांत मोठा धडा वाटतो तो वेगळाच आहे. क्लबास खरोखर तारलें तें त्याच्याच पाठशाळेनें. १९७९ पासून चालत आलेल्या ह्या शाळेस 'ला मासिआ' म्हणतात. मेस्सी तिचाच विद्यार्थी. कोटी कोटी देऊन आणलेले जेथें चालले नाहींत, तेथें घरीं वाढलेलीं पोरें उभीं राहिलीं. लामिन यामाल हा मुलगा तेथें बालपणापासून शिकला, एप्रिल २०२३ मध्यें पंधराव्या वर्षीं मुख्य संघांत खेळला, आणि २०२५ मध्यें क्लबानें त्याच्याशीं २०३१ पर्यंतचा करार केला. मेस्सीचा दहा हा अंक आतां त्याच्या पाठीवर आला. तरी इतिहास पुन्हां फिरून तेथेंच येऊन ठेपला आहे, हें विसरतां येत नाहीं. पुन्हां एक अद्वितीय मुलगा, पुन्हां चढतें वेतन, पुन्हां तीच वेतनाची शिडी. युरोपच्या संघटनेनें २०२५–२६ पासून खेळाडूंवरील खर्च उत्पन्नाच्या ७० टक्क्यांत बसवावा असा दंडक घातला आहे. तो पाळला जातो कीं नाहीं, ह्यावर पुढच्या मुलाचे अश्रु अवलंबून आहेत.

मेस्सीचें काय झालें, तें वाचकांस ठाऊकच असेल. १८ डिसेंबर २०२२ रोजीं त्यानें आपल्या देशास जगज्जेतेपद मिळवून दिलें, व २०२३ मध्यें तो अमेरिकेंतील मायामीच्या क्लबाकडे गेला. त्याचें अडलें नाहीं. जो गुणी असतो त्याचें सहसा अडत नाहीं. तो जातो तेव्हां उणीव मागें राहणाऱ्यांस भासते. गणिताचे ते शिक्षकहि पुढें मोठ्या शाळेचे मुख्याध्यापक झाले. आमच्या खिडकीशीं मात्र पुन्हां मुलें उभीं राहिलीं नाहींत.

नातू आतां मोठा झाला आहे. गेल्या वर्षापासून आमच्या घरीं एक नवी वहिवाट पडली आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारीं जेवणानंतर बंधू घरखर्चाची वही सर्वांसमक्ष वाचतात. सुना, मुलें, नातवंडें, सर्व बसतात. कोणीहि शंका विचारावी. परवां थोरल्या मुलानें हप्त्यानें मोटार घेण्याचा विषय काढला. सर्वांच्या माना डोलूं लागल्या होत्या. तोंच नातवानें विचारलें, "बाबा, हप्ता किती, आणि तो कशांतून भरणार? आत्याच्या शिकवणीच्या वर्गासाठीं जे ठेवले आहेत त्यांतून का?"

क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग मुलगा हंसला व म्हणाला, "थांबूं या एक वर्ष."

मीं कांहींच बोललों नाहीं. पण ह्या वेळीं माझा हात मांडीवरच होता.